रिकाम्या खोलीचं रीळ

दाढीचा वस्तरा उजव्या गालावरून खाली उतरत होता, तेवढ्यात बाहेरच्या खोलीत तो बोलला. "सकाळचे सात वाजले आहेत. नव्या पुलावरची वाहतूक सुरळीत सुरू आहे," असं तो रेडिओतून म्हणाला आणि न्हाणीघरात आरशापुढे उभ्या असलेल्या त्याचा हात गालावरच थांबला. आरशातलं तोंड मिटलेलं होतं. त्याने ते नीट पाहून घेतलं. या वयात माणसाचा स्वतःवर तेवढा भरवसा राहत नाही. मग तोंडावरचा फेस तसाच घेऊन तो बाहेर आला आणि उशिरा आलेला मुलगा वर्गाच्या दारात उभा राहतो तसा रेडिओसमोर उभा राहिला. जुनी टेप लावली असेल, हा पहिला विचार. तो निवेदक होता त्या गावच्या रेडिओ केंद्राची मालकी बदलली होती. नव्या कंपनीने सकाळच्या पाळीला त्याला बोलावणं बंद केलं होतं, सकाळभर नुसती गाणी चालत. मध्येच कुणीतरी एखादं जुनं रीळ चढवलं असेल. पण पूल तर आत्ता आत्ता उघडलेला. त्या पुलाबद्दल तो आयुष्यात एक अक्षर बोलला नव्हता. तो ऐकत राहिला, आणि हळूहळू त्याला एकेक शब्द ओळखू यायला लागला. 'पुलावरची' हा पुराच्या वर्षातला. घसा बसलेला होता, तीन दिवस तो केंद्रातच बाकावर झोपत होता. 'नव्या' हा रविवारच्या मुलांच्या कार्यक्रमातला, तिशीतला, थोडा लाडिक. आणि 'सुरळीत' हा बायकोच्या आजारपणाच्या वर्षातला असावा, कारण त्या वर्षी तो असले शब्द काचेचं भांडं ओट्यावर ठेवावं तसे जपून ठेवायचा. एकाच वाक्यात त्याची तीन वयं शेजारी शेजारी बसली होती, दवाखान्याबाहेरच्या बाकावर अनोळखी माणसं बसतात तशी. त्याचंही त्याला एक वेळ काही वाटलं नसतं. पण त्या शब्दांच्या मध्ये, वाक्य संपून दुसरं सुरू होण्याच्या मध्ये, काहीच नव्हतं. शांतता नव्हे. काहीच नव्हतं. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं दर वाक्यानंतर होत होतं.

फोन वाजला तोवर फेस वाळून गाल ओढायला लागला होता. मुलगी होती. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि कामावर निघण्याआधी त्याचा आवाज ऐकायची, म्हणजे तो सकाळी असायचा तेव्हा.

"बाबा, आज पाळीला गेलात? सांगितलं नाहीत."

"नाही गं. घरीच आहे."

"मग रेडिओवर कोण बोलतंय?"

"मीच बोलतोय," तो म्हणाला आणि हे उत्तर किती वेडगळ आहे ते म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं.

तिने तिकडचा रेडिओ बारीक केला. मग म्हणाली, "तुमचे जुने शब्द उचलून जोडलेत त्यांनी. दुसऱ्या गावांतही असंच केलंय. कायम करायचं तर तुमची परवानगी लागते. आज उद्या विचारतील. नाही म्हणा."

"बघतो."

"बघतो नाही. नाही. तुम्ही आयुष्यात आईला नाही म्हणाला नाहीत, मला म्हणाला नाहीत, दूधवाल्याला म्हणाला नाहीत. एकदा म्हणून बघा. जीभ झडत नाही."

"दूधवाल्याला म्हणालो होतो एकदा."

"आणि दुसऱ्या दिवसापासून तो दोन पिशव्या टाकायला लागला, बाबा."

राहिलेला अर्धा गाल त्याने थंड पाण्याने कसाबसा उरकला आणि केंद्राच्या वाटेला लागला. वाटेत तो 'नाही' म्हणून पाहत होता. निवेदकाची सवयच ती. कुठलाही शब्द आधी तोंडात फिरवून बघायचा. पण त्याच्या लक्षात आलं की आजवर तो हजारदा 'नाही' म्हणाला ते सगळे दुसऱ्यांचे होते. आज पाणी येणार नाही. गाडी धावणार नाही. पावसाची शक्यता नाही. या 'नाही'मध्ये त्याचा स्वतःचा असा एकही नव्हता, आणि शिवाय ते सगळे केंद्राच्या कपाटात जमा होते. उद्या त्यांनी ठरवलं तर त्याला न विचारता त्याच्याकडून हवा तो नकार आणि हवा तो होकार म्हणवून घेतला असता. हा विचार करताना तो एका सायकलवाल्याच्या मध्ये आला. "काका, झोपेत आहात का," सायकलवाला म्हणाला आणि थोडं पुढे जाऊन मागे वळून पाहू लागला. आवाज ऐकला असता तर ओळखलं असतं. चेहऱ्याने त्याला गावात कुणी ओळखत नव्हतं. तरुणपणी त्याला याचं दुःख होतं, नंतर नंतर बरं वाटायला लागलं होतं. दुकानात उभं राहून माणसं त्याच्याबद्दल बोलायची आणि तो मागे आपली पिशवी धरून ऐकत राहायचा. एकदा एक बाई दुसरीला म्हणाली होती, "तो सात वाजले म्हणाला की मी गॅस पेटवते. घड्याळाकडे बघत नाही. घड्याळ पुढे असतं, तो कधी पुढे नसतो." घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "मागे असता मात्र. कायम."

केंद्र पाण्याच्या टाकीमागच्या दुमजली इमारतीत होतं. दारातून आत शिरलं की लांब बोळ, त्याच्या दोन्ही भिंतींना स्टुडिओसारख्याच आवाज शोषणाऱ्या भोकाभोकांच्या फळ्या, आणि शेवटी जड दार, दारावर लाल दिवा. पहिल्या दिवशी तो याच बोळात उभा राहून मुलाखतीचं पाठ केलेलं विसरला होता, आणि आतून बाहेर आलेल्या एका मुलीने त्याच्या हातातल्या कागदाकडे बघून विचारलं होतं, "थरथरतोय तो कागद आहे की तुम्ही? कागद असेल तर आवाज येईल माइकवर." तीच पुढे त्याची बायको झाली. टेप कापण्याजोडण्याचं काम करायची. रेकॉर्ड झालेल्या बोलण्यातलं अडखळणं, खोकला, चुकलेला शब्द टेपवर बोटाने हुडकायची, ब्लेडने तेवढा तुकडा तिरका कापायची आणि टोकं पट्टीने जोडायची. सगळे तिला कात्रीबाई म्हणत, हातात कात्री कधी नसूनही. लग्नाआधी त्याने तिचा आवाज फार कमी ऐकला. पाहिला मात्र पुष्कळ, कारण ती स्टुडिओच्या काचेपलीकडे असायची आणि काचेपलीकडचं ऐकू येत नाही. तिच्या ओठांवरून त्याने तिला वाचायला शिकून घेतलं होतं. लग्नाचंही तसंच झालं. माइक चालू आहे हे न कळून त्याने विचारलं ते सगळ्या इंजिनिअर लोकांनी ऐकलं, आणि ती काय म्हणाली ते मात्र त्याच्याशिवाय कुणाला कळलं नाही. संसारात नवी ब्लेडं कायम टेपच्या वाट्याला गेली आणि तिथून निवृत्त झालेली त्याच्या दाढीच्या. "टेपला खरचटलं तर सगळ्या गावाला ऐकू जातं," ती म्हणायची, "तुमचा गाल मी एकटीच बघते."

आणि तिची एक पद्धत होती. कुठलंही रेकॉर्डिंग संपलं, माणसं हुश्श करून उठायला लागली, की ती दारातून डोकं आत घालायची आणि म्हणायची, "बसा. खोली घेऊ या." म्हणजे कुणी काही बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि माइक चालू ठेवून ती नुसती रिकामी खोली टेपवर घ्यायची. कापलेल्या जागी भरायला ती लागायची. कोरी टेप जोडली तर ऐकणाऱ्याला खड्डा लागतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि आवाज ज्या खोलीतला, शांतताही त्याच खोलीतली लागते, असं तिचं म्हणणं. मोठमोठे गवई, भाषण करून दमलेले पुढारी, शाळेची पोरं, सगळे तिच्यापुढे शहाण्यासारखे गप्प बसत. ती काचेपलीकडून बोट वर करायची. मग ते पुष्कळ वेळ वर असायचं. मग एक श्वास घ्यायची आणि मधलं दार तेवढ्यापुरतं उघडं ठेवलेलं असायचं त्यातून म्हणायची, "झालं." घरी मुलीला सांभाळायला कुणी नसलं की ती पोर स्टुडिओतल्या टेबलाखाली खेळत बसे, आणि तिला हे इतकं पाठ झालं होतं की आईने श्वास घेतला रे घेतला की आईच्या आधी टेबलाखालून बारीक आवाजात "झालं" यायचं. रीळ वाया. काचेपलीकडे ती कपाळाला हात लावायची, रागवल्यासारखं करायची, आणि पुन्हा बोट वर करायची.

तिचं स्वतःचं "झालं" मात्र तिने एकाही टेपवर राहू दिलं नाही. श्वास संपला की बरोबर तिथे ब्लेड. ती गेल्यावर वर्षभराने मुलीने विचारलं होतं, "आईचा आवाज असेल ना कुठेतरी? एवढी रिळं आहेत तुमच्याकडे." तो सुट्टीच्या दिवशी केंद्रात जाऊन बसला, कपाटंच्या कपाटं ऐकली. गावातल्या सगळ्या माणसांचे आवाज होते; मेलेल्यांचे, गाव सोडून गेलेल्यांचे, ज्यांच्याशी तिचं भांडण होतं त्यांचेसुद्धा. तिचा नव्हता. जिने सगळ्यांचे आवाज नीटनेटके करून ठेवले तिने स्वतःला चोख कापून काढलं होतं. मुलीला त्याने सांगितलं, "शोधतोय अजून." तेही आता जुनं झालं होतं. तिने पुन्हा विचारलं नव्हतं.

नव्या केंद्रप्रमुख बाई त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. कंपनीने त्यांना मुख्य ऑफिसातून पाठवलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या, त्याला खुर्ची दिली, आणि तो काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सर, आधी माफी मागते. सकाळचं ते चाचणीसाठी होतं, हवेवर जायला नको होतं." माफी खरी होती. त्यामुळे त्याची पंचाईत झाली. वाटेत तयार केलेला 'नाही' उर्मट माणसासाठी होता.

"पुढच्या महिन्यापासून कार्यक्रम मुख्य ऑफिसातून येतील," त्या म्हणाल्या. "सगळ्या केंद्रांना एकच. इथून फक्त वेळ, हवामान, वाहतूक."

"आणि संध्याकाळची फेरी?"

'गावफेरी' हा त्याचा कार्यक्रम. कुठली गल्ली खणलीय, कुणाचं कुत्रं हरवलंय, घड्याळ दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ पक्ष्यांबद्दल काय म्हणतात, दवाखान्यातली नर्स आज कुठलं गाणं म्हणणार. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला तो लागायचा.

"ऐकणारे फार कमी आहेत, सर."

"कमीच असणार. गावच लहान आहे."

त्या हसल्या, मग हसू आवरून पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिल्या. "मला कळतं. आमच्या गावच्या केंद्रावर एक काकू होत्या. मी शाळेत जायला त्यांच्या आवाजावर उठायचे. त्या गेल्या आणि एका सकाळी कुणी दुसरंच बोललं. आई म्हणाली, दुसऱ्याच कुणाच्या घरात जागी झाले असं वाटतंय. म्हणून तर तुमचा आवाज ठेवायचाय. तुम्ही हो म्हणालात तर निदान तेवढं तरी गावाचं राहील."

त्याने मान खाली घातली. एवढं समजून घेणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्याने नाही ऐवजी दुसरंच सांगितलं. "त्यात खोली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"शब्द माझेच आहेत. पण दोन वाक्यांच्या मध्ये काही नाही. माणूस बोलायचा थांबला तरी खोलीत असतो. तो यात दर वेळी निघून जातो."

बाई पुढे सरकल्या. "हेच. आम्हाला कळत नव्हतं काय खटकतंय. मग सर, नव्या स्टुडिओत बसून थोडी शांतता देता का? तुम्ही फक्त गप्प बसायचं."

गप्प बसण्यासाठी आपल्याला पहिल्यांदाच कुणी एवढं आर्जवाने बोलावतंय, हे त्याच्या मनात येऊन गेलं. "बसणार नाही ती," तो म्हणाला. "आवाज जुन्या खोलीतला आहे. तिथलीच लागेल."

"जुना स्टुडिओ तर गेल्या आठवड्यात तोडला. तिथे आता यंत्रं आहेत. त्या खोलीची शांतता अशी कुठे ठेवलेली नसेल ना?" त्या सहज म्हणाल्या, आणि तो उठून उभाच राहिला.

ठेवलेली होती. म्हणजे असायला हवी होती. टेपचे दिवस संपले, कापाकापी यंत्रात व्हायला लागली, तेव्हाच्या शेवटच्या दिवसाची गोष्ट. स्टुडिओत काहीच रेकॉर्ड झालेलं नव्हतं. तो कागद आवरत होता. ती दारातून डोकं घालून म्हणाली, "बसा. खोली घेऊ या." तो म्हणाला, "कशासाठी? आता लागणार नाही." ती म्हणाली, "असू दे." आणि या खेपेला काचेपलीकडे न जाता मधल्या दारातच खुर्ची टाकून बसली. दोघंच होते. तिने बोट वर केलं. एरवीपेक्षा फार वेळ ते वर होतं, इतका वेळ की हातही दुखला असेल. त्याला वाटलं होतं काही विचारावं, काय आहे, बरं वाटत नाही का. पण खोली चालू होती. त्याने विचारलं नाही. आपण कधीच मध्ये बोलत नाही, हे त्याला तेव्हा स्वतःबद्दल चांगलं वाटायचं.

बोळात फ्यूज भेटला. तो केंद्राचा जुना तंत्रज्ञ. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्याने अख्ख्या इमारतीचे दिवे घालवले होते, तेव्हापासून त्याचं हेच नाव. तो ढकलगाडीवर पोती रचत होता.

"काय रे, आज सकाळी घरी बसून पगार खाल्लास," फ्यूज म्हणाला. "मी चहाचा कप घेऊन उभा, म्हटलं हा आत कुठून गेला? दारात तर मीच आहे."

"यात काय आहे?"

"रिळं. भंगारवाल्याचा टेम्पो उभाय मागे. काळजी करू नकोस, आवाज सगळे काढून घेतले यंत्राने. यंत्र ऐकतं, काही सापडलं तर ठेवतं, काही नसलं तर कोरं म्हणून टाकतं. ही सगळी कोरी."

"कोरी नाहीत ती," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. फ्यूजने हातातलं पोतं खाली ठेवलं. इतक्या वर्षांत त्याने हा आवाज ऐकला नव्हता. मग त्याच्याकडे नीट बघून तो म्हणाला, "कात्रीबाईंची 'खोली'?" आणि उत्तराची वाट न बघता पोत्याची गाठ सोडायला लागला.

दोघं म्हातारे मागच्या अंगणात उन्हात उकिडवे बसून पोती उपसत होते. टेम्पोवाला बिडी ओढत म्हणाला, "सोनं आहे का काय त्यात?" फ्यूज म्हणाला, "त्याहून कमी. काहीच नाहीये त्यात, तेच शोधतोय." खोक्यांना धुळीचा आणि जुन्या व्हिनेगरचा वास होता. 'खोली' म्हणून लिहिलेली काही रिळं निघाली पण ती नंतर पुसून दुसऱ्या कामाला वापरलेली. त्याची बोटं काळी झाली. आपण उगीच करतोय, कदाचित ते रीळ तिने घरी नेलं असेल, फेकलं असेल, कदाचित असं काही झालंच नसेल आणि आपणच ती दुपार मागाहून जमवून ठेवली असेल, शब्द जोडून वाक्य करावं तशी, असं त्याला वाटायला लागलं होतं. मग शेवटून दुसऱ्या पोत्यात तिचं तिरकं अक्षर दिसलं. 'जुना स्टुडिओ. खोली. वापरू नये.'

चालू असलेलं एकच टेपयंत्र उरलं होतं, तेही जिन्याखाली. फ्यूजने रीळ चढवलं. त्याने हेडफोन लावला. आधी टेपची सळसळ. मग ती खोली आली. येताना ती कशी आली ते सांगणं कठीण. वाजलं काहीच नाही, पण कानांच्या भोवती भिंती उभ्या राहिल्या, योग्य त्या अंतरावर, भोकाभोकांच्या. ट्यूबलाइटची बारीक घुंघुं. लांब टाकीवर पाणी चढल्याचा आवाज. मग एक शिट्टीसारखा श्वास, तो त्याचा स्वतःचा, डाव्या नाकपुडीचा; त्यावरून ती रात्री त्याला कुशीवर वळवायची. आणि त्याच्या जरा मागून, मधल्या दाराच्या बाजूने, दुसरा. सावकाश. इतका सावकाश की दर वेळी तो थांबला असं वाटायचं, आणि तो पुन्हा यायचा. दोन श्वास एकमेकांत मिसळत नव्हते. एकाचा संपला की दुसऱ्याचा. त्यांचं घरातलं बोलणंही असंच होतं. मग शेवटी तिने बोलण्यासाठी श्वास आत घेतला. भरून. आणि टेप संपली. चोख.

त्याने डोळे उघडले तेव्हा केंद्रप्रमुख बाई जिन्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी नुसता हात पुढे केला. त्याने हेडफोन काढून दिला, फ्यूजने रीळ मागे फिरवलं. त्या उभ्या उभ्याच ऐकत होत्या. पाण्याच्या बाटलीवरची त्यांची बोटं थांबली. संपल्यावरही त्यांनी हेडफोन लगेच काढला नाही.

"शेवटी कुणीतरी काही बोलणार होतं," त्या म्हणाल्या.

फ्यूज उगीचच वायरीची गुंडाळी सोडून पुन्हा करायला लागला.

"हो," तो म्हणाला.

त्यांनी कोण ते विचारलं नाही. बहुधा त्याचा चेहरा पाहून नसेल विचारलं, किंवा फ्यूजची पाठ पाहून. त्याला वाटलं, आता नाही म्हणायची वेळ हीच. रीळ काखोटीला मारावं, नाही म्हणावं, घरी जावं. घरी टेपयंत्र नव्हतं. घरी ते रीळ कपाटात राहिलं असतं, मुलीने त्याच्यामागे ते खोकं उघडलं असतं, काय आहे ते न कळून ठेवलं असतं किंवा टाकलं असतं. आणि गावाने उद्या दुसऱ्या कुणाच्या घरात डोळे उघडले असते. त्याला भीती वाटत होती. आपला आवाज आपल्यामागे हिंडत राहणार, न म्हटलेलं म्हणणार, आपण मेल्यावरही पुलावरची वाहतूक सुरळीत आहे म्हणून सांगणार, या गोष्टीची किळस यावी अशी भीती होती ती, आणि ती गेली नव्हती. तरी तो म्हणाला, "आवाज घ्या. पण मध्ये हे घाला. हेच."

"नक्की, सर? विचार करायला वेळ घ्या."

"वेळच सांगायचीय ना? घ्या."

"ते शेवटचं काढू का?" फ्यूजने वर न बघता विचारलं. "श्वास ऐकू येतो तो."

"राहू दे," तो म्हणाला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "म्हणालात ना नाही?"

"हो म्हणालो."

पलीकडे भांडी लावल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. "का, बाबा?"

ते रीळ, ती दुपार, मधलं दार, असं सगळं त्याच्या तोंडाशी आलं, आणि नेहमीसारखं वाटलं की आपण सांगायला गेलो तर ते फार थोडं होईल. आणि खरं म्हणजे आईचा आवाज सापडला असं थोडंच सांगायचं होतं. सापडला नव्हताच. "असू दे," तो म्हणाला.

"ठेवते मी," ती म्हणाली.

'गावफेरी'च्या शेवटच्या दिवशी घड्याळवाले म्हातारे खंड्या पक्ष्याबद्दल बोलले, नर्सने गाणं म्हटलं, आणि त्याने नेहमीच्याच शब्दांत निरोप घेतला. वेगळं काही बोलायचं तर त्याला सुचलंही नसतं. गल्लीतल्या एकीने दुसऱ्या दिवशी भाजी घेताना त्याच्यादेखत म्हटलं, "बरं झालं, फेरी बंद केली पण त्याला ठेवलंय म्हणे," आणि तो पिशवी धरून ऐकत राहिला.

ज्या सकाळी नवं सुरू व्हायचं होतं त्या सकाळी दार वाजलं. मुलगी होती. काही न बोलता आत आली, त्याच्या अर्ध्या गालावरचा फेस पाहून म्हणाली, "आधी ते पुसा," आणि ओट्याशी जाऊन पाठमोरी चहा ठेवायला लागली. रागवलेली असली की ती आईसारखीच भांड्यांशी फार हळू वागायची. तो टॉवेल घेऊन टेबलाशी बसला. रेडिओवर दूरच्या कुठल्या तरी शहरातून आलेलं गाणं संपलं.

"सकाळचे सात वाजले आहेत," तो रेडिओतून म्हणाला.

मग खोली आली. भिंती, ट्यूबलाइट, लांबचं पाणी. एवढ्याशा पत्र्याच्या डबड्यातून ती बाहेर पडून स्वयंपाकघरात मावली कशी कुणास ठाऊक. तो हलला नाही. दुसरं कुणी ऐकणारं असतं तर त्याला काही ऐकू आलं नसतं. त्याला स्वतःलाही खात्री नव्हती. ओट्याशी मुलगी साखरेच्या डब्याचं झाकण लावत होती, तिचा हात मध्येच थांबला होता की झाकण अडकलं होतं, पाठीवरून सांगता येत नव्हतं. मग दाराच्या बाजूने कुणीतरी बोलण्यासाठी श्वास आत घेतला.

"झालं," मुलगी म्हणाली.

बारीक आवाजात, मागे न बघता, सवयीने. म्हणून गेल्यावर ती तशीच उभी राहिली. डबा हातात, झाकण हातात. रेडिओ सांगत होता की नव्या पुलावरची वाहतूक सुरळीत सुरू आहे. ती सावकाश वळली, आणि लहानपणी टेबलाखालून बाहेर येताना बघायची तसं, आता रागावणार का, असं तिने त्याच्याकडे पाहिलं.

त्याचं बोट वर होतं. ते कधी वर गेलं त्याला कळलं नव्हतं. त्याने ते तसंच राहू दिलं, पुढच्या वाक्यापर्यंत.